मैदानाला उत्तर देऊ द्या: नव्या क्रीडाशिक्षकांसाठी शोधातून शिकवण्याची पद्धत

शाळेत नव्याने रुजू झालेल्या क्रीडाशिक्षकाला लवकरच एक कोडं पडतं. पीटीच्या तासाची घंटा झाली की मुलं जिना दणाणून सोडत मैदानावर येतात. रांगा लावून तंत्र शिकवायला घेतलं, की पाच-सात जणांच्या पोटात दुखायला लागतं, कुणाच्या बुटाची लेस तुटते, मागच्या रांगेतल्या मुली "सर, आम्ही बसू का?" म्हणून विचारतात. खेळायला इतकी उतावीळ असलेली मुलं शिकायचं म्हटलं की का गळपटतात?

माझ्या मते कारण साधं आहे. विचार करायचं काम शिक्षक स्वतःच उरकून टाकतो. हात असा, पाय असा, नजर समोर, चला एक-दोन-तीन. मुलाच्या वाट्याला उरते ती नक्कल. ज्याला ती पटकन जमते तो कंटाळतो आणि ज्याला जमत नाही त्याची पन्नास जणांपुढे शोभा होते.

शोधातून शिकवणं म्हणजे तंत्र आधी सांगून टाकायचं नाही. असा पेच घालायचा की करून बघता बघता ते तंत्र मुलांच्याच हाती लागेल. मुलांना चेंडू देऊन आपण सावलीत खुर्ची टाकण्याचा हा प्रकार नव्हे. उलट यात शिक्षकाची तयारी जास्त लागते, फक्त ती तासाच्या आधी करायची असते.

ही कल्पना नवी नाही. मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६१ मध्ये शोधातून होणाऱ्या शिक्षणावर लिहिलं. शारीरिक शिक्षणात ती नीट बसवली मस्का मॉस्टन यांनी १९६६ मध्ये. त्यांनी अध्यापनाच्या शैलींचा एक पट्टाच मांडला. एका टोकाला सगळे निर्णय शिक्षकाचे, दुसऱ्या टोकाला सगळे विद्यार्थ्याचे. मधे एक उंबरठा आहे. त्याच्या अलीकडे मूल दाखवलेलं पुन्हा करतं, पलीकडे स्वतः शोधतं. नव्या शिक्षकाने त्या उंबरठ्याच्या अगदी लगत उभं राहावं. म्हणजे प्रश्न आपले, त्यांचा क्रम आपला, उत्तर मात्र मुलांचं.

पहिली पायरी: शोधायला काय द्यायचं ते ठरवा

सगळंच शोधायला द्यायचं नसतं. खेळाचे नियम सांगून मोकळं व्हावं. खो-खोत किती जण बसतात हे कुणी शोधून काढू शकत नाही, ते माणसांनी ठरवलेलं आहे. सुरक्षेच्या बाबतीत तर हुकूमच चालतो. गोळा किंवा थाळी आणायला शिट्टी झाल्याशिवाय कुणीही पुढे जायचं नाही, ही चर्चेची गोष्ट नाही. कोलांटउडीत मान कशी ठेवायची हे "करून बघा" म्हणून सोडणारा शिक्षक मला भेटला, तर मी त्याच्या हातातली शिट्टी काढून घेईन.

उरलेल्यातून निवडताना माझी कसोटी एकच: उत्तर बरोबर की चूक, हे मैदानाने सांगितलं पाहिजे, शिक्षकाने नव्हे. उडी लांब गेली की नाही हे फक्कीची रेघ सांगते. तोल गेला की नाही हे पाय सांगतो. पळणारा सुटला की सापडला हे सगळ्यांना दिसतं. जिथे निकालासाठी मुलांना तुमच्या तोंडाकडे बघावं लागतं, तिथे ती मैदानावर काही शोधत नसतात, तुमच्या मनात काय आहे ते ओळखायचा प्रयत्न करत असतात. असा विषय पहिल्या काही आठवड्यांत घेऊच नये.

दुसरी पायरी: उत्तरापासून मागे या

आधी वहीत उत्तर लिहा, मग तिथपर्यंत नेणारे प्रश्न उलट्या क्रमाने. सुरुवातीला उभ्याने लांब उडी घ्या. याहून सोपा आणि भरवशाचा विषय नाही. उत्तर आपल्याला माहीत आहे: गुडघे वाकवायचे, हात मागून पुढे-वर जोरात आणायचे, उतरताना पुन्हा गुडघे वाकवायचे.

"हात हलवले तर उडी लांब जाते ना?" हा प्रश्न वाया गेला म्हणून समजा. उत्तर त्यातच आहे, मुलं "होऽऽ सर" म्हणतील आणि संपलं. त्याऐवजी काम द्या. हात पाठीमागे बांधून तीन उड्या, टाच जिथे टेकली तिथे खूण. मग हात मोकळे सोडून तीन उड्या, पुन्हा खूण. आता विचारा, "काय दिसलं?" फरक जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत दिसतोच, कारण हातांच्या झोक्याने खरोखरच जास्त वेग मिळतो. पुढचा प्रश्न: "हात कुठून कुठे आणले तेव्हा सगळ्यात लांब गेलात?" इथे मुलं पंख्यासारखे हात फिरवून बघतात, एकच हात हलवतात, डोक्यावर धरून ठेवतात. बघू द्या. मग गुडघ्यांवर या: "अजिबात न वाकता, थोडं वाकून आणि पार खाली बसून. तिन्ही करा." पार खाली बसलेल्याची उडी फारशी जात नाही आणि त्याचं त्यालाच नवल वाटतं.

उतरण्यासाठी मला आवडणारा प्रश्न वेगळा आहे. "आता आवाज न करता उतरा." बस, एवढंच. धप्पकन उतरणारा वर्ग दोन-चार उड्यांत मांजरपावलांवर येतो, आणि गुडघे वाकवा असं तुम्हाला म्हणावंही लागत नाही. नंतर विचारा, "आवाज कमी करायला तुम्ही काय बदललंत?" तेव्हा एखादी मुलगी सांगते, "सर, मी खाली बसल्यासारखं केलं." तंत्राचं नाव, त्यामागचं कारण हे सगळं त्या वाक्यानंतर सांगा, आधी नको.

उड्या मऊ मातीवर किंवा वाळूच्या खड्ड्यात घ्याव्यात. फरसबंद अंगण असेल तर विषय बदला.

तिसरी पायरी: तासाची आखणी

पस्तीस मिनिटांच्या तासात मुलं गोळा होण्यात आणि परत जाण्यात दहा मिनिटं जातात. उरलेल्या पंचविसांत एका तासाला एकच शोध. जास्त कोंबू नका.

पाच-सहा जणांचे गट करा. गट तुम्हीच पाडा. मुलांना निवडायला सांगितलं की कुणीतरी शेवटी उरतं आणि त्या मुलाचा पुढचा सगळा तास तिथेच संपतो. प्रत्येक गटाला थोडी फक्की, एक दोरी किंवा टेप आणि एका पुठ्ठ्यावर लिहिलेला प्रश्न. प्रश्न लेखी असला की मैदानाच्या पाच कोपऱ्यांत पाच वेळा ओरडावं लागत नाही. मोजणारा आणि लिहिणारा ही कामं फिरती ठेवा. नाहीतर जाड मुलगा कायमचा टेप धरून उभा राहतो, त्याला तेच बरं वाटतं आणि आपल्यालाही.

चौथी पायरी: खो-खोवर वापरून बघा

महाराष्ट्रातल्या शाळेत या पद्धतीसाठी खो-खोसारखा खेळ नाही. साहित्य जवळपास शून्य आणि डोकं भरपूर. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, हेही मुलांना सांगायला छान.

पारंपरिक सामन्यात आठ जण बसतात. शिकताना पाच पुरे. म्हणजे इथे गट सात जणांचा: पाच बसलेले, एक पाठलाग करणारा, एक पळणारा. नियम चारच सांगा: पाठलाग करणाऱ्याने मधली पाटी, म्हणजे बसलेल्यांची रांग, ओलांडायची नाही, एकदा एका दिशेला निघालं की खांबापर्यंत मागे फिरायचं नाही, खो बसलेल्याच्या पाठीमागूनच द्यायचा, आणि उठलेल्याच्या जागी खो देणाऱ्याने बसायचं. पळणाऱ्याला कुठूनही कुठेही जायची मुभा.

आता गंमत करा. पाचही जणांना एकाच बाजूला तोंड करून बसवा. समजा, सगळ्यांची तोंडं शाळेच्या इमारतीकडे. खेळ सुरू. पाठलाग करणारा मागच्या बाजूने येतो, एकाला खो देतो, तो उठून इमारतीच्या बाजूला धावतो, आणि तिथेच गाडी अडते. आता बसलेल्या सगळ्यांची तोंडं त्याच्याकडे आहेत, पाठी पलीकडे. खो देणार कुणाला? पळणारा आरामात एक पाऊल टाकून पलीकडे जातो आणि वाकुल्या दाखवतो. पाठलाग करणाऱ्याला थेट खांबाला वळसा घालून यावं लागतं. मुलं चिडतात. "सर, हे बरोबर नाही!" हीच वेळ. "मग तुम्हीच बसायची रचना ठरवा. दोन्ही बाजूंनी खो देता आला पाहिजे."

काही गट लगेच एकाआड एक उलटसुलट बसतात, कारण त्यांनी मोठ्यांचा खेळ पाहिलेला असतो. त्यांना विचारा, "असंच का?" बहुतेकांना सांगता येत नाही. पण एखादा गट हमखास अर्धे इकडे, अर्धे तिकडे तोंड करून बसतो. त्यांना थांबवू नका. दोन मिनिटं खेळले की त्यांच्याच लक्षात येतं, की पाटीच्या एका अर्ध्या भागात खो देता येतो आणि दुसऱ्या अर्ध्यात पुन्हा तीच पंचाईत. पळणारा बरोबर तिथेच जाऊन थांबतो. ते मग एकेकाला वळवत वळवत एकाआड एकवर येतात. पिढ्यान्‌पिढ्या मुलं जशी बसत आली, तसं का बसायचं हे या गटाला आता कळलेलं असतं. नुसत्या सांगण्याने ते कळलं नसतं.

पुढच्या तासाला खो द्यायची वेळ घ्या. खेळाचे गुण बदला: पळणाऱ्याला किती वेळात बाद केलं हे मोजायचं नाही, किती खो लागले ते मोजायचं. जो गट कमीत कमी खोंमध्ये बाद करेल तो पुढे. एवढ्या एका बदलाने मुलं डोकं लढवायला लागतात. आतापर्यंत धापा टाकत नुसता खो-खो-खो चाललेला असतो. आता पळणारा कुठे निघालाय याकडे बघणं सुरू होतं. पलीकडे गेल्यावर खो द्यायचा की जायच्या बेतात असतानाच? त्याच्या मागच्याला की पुढच्याला? खो देतोय अशी हूल देऊन तसंच पुढे पळालं तर? इथे एकच बरोबर उत्तर नाही. पळणाऱ्याच्या वेगावर, तो कुठल्या पायावर वळतो यावर ते बदलतं. तेव्हा शिक्षकानेही खिशात उत्तर असल्याचा आव आणू नये. दोन गटांची वेगळी उत्तरं एकमेकांविरुद्ध खेळवा.

मग पळणाऱ्याची बाजू. "तीस सेकंद टिकायचं, कसंही." मुलं बसलेल्यांमधून नागमोडी काढायला शिकतात. त्या पळण्याला साखळी म्हणतात हे तेव्हा सांगा.

खेळ आधी आणि कौशल्याचा सराव नंतर, हा क्रम इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठाच्या बंकर आणि थॉर्प यांनी १९८२ मध्ये मांडला. चेंडू कसा मारायचा याच्या आधी का आणि कधी मारायचा हे मुलाला कळावं, असं त्यांचं म्हणणं. ते फुटबॉल-क्रिकेटच्या देशात बसून लिहीत होते, पण खो-खोला ते चपखल बसतं. एक पाऊल उशीर झाल्याने पळणारा तीनदा हातातून निसटला, की तोच मुलगा येऊन विचारतो, "सर, बसल्या जागेवरून पटकन कसं उठायचं?" आता उठण्याचा सराव दहा वेळा घ्या. तो कुरकुर करणार नाही.

पाचवी पायरी: गप्प राहणं

सगळ्यात अवघड भाग हाच. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून दाखवून दिलं होतं, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांब आणि विचार केलेली येतात. मैदानावर तर तीन सेकंदही कमी; तिथे उत्तर बोलून नाही, करून द्यायचं असतं. प्रश्न विचारला की दोन पावलं मागे जा आणि शिट्टी खिशात घाला.

मॉस्टन यांचा आग्रह होता की उत्तर शिक्षकाने कधीही सांगू नये. मुलं अडली तर समजावं की आपल्या दोन प्रश्नांमधलं अंतर जास्त झालं, आणि मधे एक छोटा प्रश्न घालावा. "अजून नाही जमत? बरं, फक्त पाय बघा. पाय जवळ असताना आणि लांब असताना काय होतं?" "चूक" म्हणायची गरज पडत नाही. "करून दाखव बरं" पुरेसं असतं.

"शाब्बास, बरोबर!" हेही जरा आवरा. तुम्ही बरोबर म्हटलंत की बाकीचे गट शोधणं थांबवतात. "मोजलंत का? किती भरलं?" असं विचारलं की सगळे आपापल्या रेघेकडे बघतात.

कधीकधी पुस्तकातलं अर्धवट उत्तरही मैदानावर येतं. फेकीच्या तासाला वरच्या वर्गातला एखादा हुशार मुलगा सांगेल की पंचेचाळीस अंशांत फेकलं की सर्वांत लांब जातं. त्याला खोडू नका. दोन काठ्यांना तीन उंचींवर दोऱ्या बांधा, गोळ्याइतक्याच वजनाचा भरीव चेंडू किंवा वाळूची पिशवी द्या आणि तिन्ही दोऱ्यांवरून गोळ्यासारखं ढकलून मोजायला लावा. मधली किंवा खालची दोरी बऱ्याचदा जिंकते. गोळा सुटतो तो जमिनीवरून नाही, खांद्याच्याही वरून. शिवाय फार वर ढकलताना हाताचा जोर कमी पडतो. त्यामुळे उत्तम गोळाफेकपटूंचा कोनही चाळीस अंशांच्या खालीच असतो. पंचेचाळीस अंशांचं सूत्र जमिनीवरून सुटणाऱ्या आणि हवेचा अडथळा नसलेल्या वस्तूचं, हे विज्ञानाच्या बाईंशी बोलून त्याच आठवड्यात वर्गात घेता आलं तर दुधात साखर.

यातून हुरूप का येतो

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या सिद्धांतानुसार माणसाला आतून प्रेरणा मिळायला तीन गोष्टी लागतात: निवड आपली असणं, आपल्याला जमतंय असं वाटणं आणि आपण इतरांत सामावलेले असणं. वरच्या तासात तिन्ही आहेत, पण दुसरीकडे विशेष लक्ष द्या. मुलाची तुलना त्याच्या स्वतःच्या आधीच्या रेघेशी करा, शेजाऱ्याच्या नाही. एक मीटर उडी मारणाऱ्याची रेघ पुढे सरकली की तो पुन्हा रांगेत जाऊन उभा राहतो, बक्षीस नसलं तरी.

एक इशारा. या पद्धतीवर आधी नाराज होतात ते वर्गातले चांगले खेळाडू. त्यांना आतापर्यंत खेळ हक्काने मिळालेला असतो आणि आता गटात मागे पडणाऱ्याच्या कल्पनेलाही थांबून बघावं लागतं. त्यांना जास्त कठीण अट द्या: डाव्या हाताने खो, किंवा हूल दिल्याशिवाय खो नाही.

जिथे ही पद्धत चालत नाही

पूर्ण मोकाट शोध नवशिक्याला फारसं शिकवत नाही. २००६ मध्ये कर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या संशोधकांनी अत्यल्प मार्गदर्शनावर सडकून टीका केली आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे: अगदी नव्या मुलाचं डोकं एकाच वेळी चार गोष्टींचा विचार करू शकत नाही. म्हणून तर प्रश्न लहान आणि एका वेळी एक. तालुका स्पर्धा पंधरा दिवसांवर आली असेल तर सरळ सराव घ्या. पावसाळ्यात मैदान निसरडं असेल तरीही. मुख्याध्यापकांना सुरुवातीला हा सगळा गोंधळ वाटेल, त्यांना एकदा बोलावून एखाद्या गटालाच "काय शोधताय?" असं विचारू द्या.

नोंदींचं कामही सोपं होतं. आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदीत "खेळात रस घेतो" हे वाक्य चाळीस मुलांसमोर लिहिण्यापेक्षा "बसण्याची रचना बदलून दाखवली", "आवाज न करता उतरायची युक्ती गटाला सांगितली" असं लिहिता येतं. वही मैदानावरच ठेवा, एका तासाला पाच मुलं पुरे.

खो-खो झाला की पुढे काय, तर हे घ्या. लंगडीत: हात कुठे धरल्यावर जास्त वेळ टिकता, आणि लांब ढांगा घेतल्याने दम आधी जातो की लहान उड्यांनी? कबड्डीत: जोडीदार मनगट धरून ओढतोय, पाय कसे ठेवलेत तर तो तुम्हाला हलवू शकत नाही? ओढायची दिशा बदलली की तेच पाय चालतात का? लगोरीत: सात ठिकऱ्या रचायला एकाने धावायचं की तिघांनी, आणि तिघं धावले तर चेंडू कुणाकडे वळवायचा?